वर दिसतो, खाली दिसत नाही

१

मलप्पांच्या घरातून अख्खा मोंढा नाहीसा झाला, तेव्हा घराला आतून कडी होती.

मोंढा म्हणजे लातूरचा बाजार. पोती, हमाल, हातगाडे सगळं जागच्या जागी होतं. गेला तो मोंढ्याचा आवाज. मलप्पांनी आडत चालवली तेवढी सगळी वर्षं ते बगलेत टेपरेकॉर्डर धरून सौद्याला उभे राहिले आणि पुकारे भरून घेत राहिले. तुरीचा पुकारा, करडईचा पुकारा, भर पावसात ताडपत्रीखालून ओरडलेला उडदाचा पुकारा. लोकांनी आरत्या भरल्या, मलप्पांनी भाव भरले. कशाला, असं कुणी विचारलंच तर ते म्हणायचे, "मग तुमच्या घरी काय हाय?"

पुढं सौदे मोबाईलवर बोट दाबून व्हायला लागले आणि मोंढा मुका झाला. ओरडणारेही एकेक करून गेले. कॅसेटांना बुरशी धरली. तेवढ्यात मुदखेडची अंजू धाकटी सून म्हणून आली. तिनं एकेक कॅसेट पुसून, वाजवून कॉम्प्युटरात घेतली आणि त्या सगळ्याचा 'मोंढा' नावाचा फोल्डर केला. कॅसेटा थोरल्या सुनेनं, सिंधूनं, भंगारवाल्याला दिल्या. बदल्यात पावशेर लसूण आला. म्हणजे आता जगात मोंढ्याची एकच प्रत उरली.

ती प्रत दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरात राहायची. त्याचा पडदा सोयाबीनचं पोतं पडून फुटला होता, पण खालचा डबा ठणठणीत होता. घरात त्याला 'धड' म्हणत. धड माडीवर, धुळीपासून लांब, दिवसरात्र घुमत असायचं. तोंड नव्हतं, त्यामुळे त्यात काय आहे ते घरातल्या नेटवरून, दुसऱ्या कॉम्प्युटरच्या तोंडानंच बघावं लागे. मलप्पा रोज पूजा झाली की खाली देव्हाऱ्यापुढं आपला लॅपटॉप उघडायचे, माडीवरच्या धडातला एक पुकारा ऐकायचे, मगच अंजूच्या हातचा चहा घ्यायचे.

सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विभूती लावली, लॅपटॉप उघडला, आणि फोल्डर नव्हता.

दुरुस्तीवाला आला. त्यानं लॅपटॉप बंद करून चालू केला, देव्हाऱ्याशेजारचा नेटचा राउटर बंद करून चालू केला, आणि स्वतःही जरा वेळ डोळे मिटून बसला. मग म्हणाला, "नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, दांड्या फुल्ल. म्हणजे वरून कुणीतरी आतून कडी लावली." वर जाऊन बघ म्हटलं, तर माडी आपल्या एरियात येत नाही म्हणाला.

माडीवर धाकटा श्रीशैल आणि अंजू राहायचे. आणि माडीवर, अंजूच्या लॅपटॉपवर, 'मोंढा' लख्ख दिसत होता.

"आज फोल्डर वर नेला," सिंधू म्हणाली, "उद्या चूल नेतील."

मलप्पांनी फक्त अंजूच्या हातचा चहा घेणं बंद केलं. त्या घरात याच्यावर अपील नसतं.

२

उज्वलाला कॉम्प्युटरातलं काही कळत नव्हतं. ती नांदेडला राहायची आणि लग्नाआधी स्थळांची चौकशी करून द्यायची. मुलगा पितो का, घरात बोलाचाली किती, 'स्वतःचा व्यवसाय' म्हणजे नक्की काय. एकदा माहूरच्या एका 'इंजिनिअर' मुलाला तिनं पाळण्याचं चक्र फिरवताना जत्रेत गाठलं होतं. एवढ्या वर्षांत तिचा एकच सिद्धांत बनला होता: माणूस विचारलेल्या गोष्टीबद्दल फारसं खोटं बोलत नाही, तिच्या शेजारच्या गोष्टीबद्दल बोलतो.

अंजूचा फोन आला तेव्हा ती भेंडी चिरत होती.

"ताई, हे घर तुम्ही पास केलतं. 'एकजीव घर हाय, डोळे झाकून पोरगी द्या,' असं म्हणलतं तुम्ही."

"हाव. मग?"

"मग आता डोळे उघडून बघायला या. चोर ठरवून राहिले मला इथं. सोमेश निघाला मला न्यायला. आज गेले तर मी परत पाय ठेवणार न्हाई, सांगून ठेवते."

उज्वलानं भेंडी तशीच झाकली आणि लातूरची एस.टी. धरली. तिच्या धंद्यात पास केलेलं घर मोडणं म्हणजे डॉक्टरनं बरा केलेला पेशंट दारात येऊन मरणं.

ती पोचली तेव्हा अंजूचा भाऊ सोमेश बैठकीत आधीच बसला होता. मांडीवर रिकामी बॅग, बॅगेवर चिवड्याची बशी. बहिणीचा अपमान झालेल्या घरचं खायचं नाही असं त्याचं ठरलेलं होतं, पण चिवडा खाण्यात धरतात की नाही याचा निर्णय लागत नव्हता.

"शरणार्थी, उज्वलाबाई," मलप्पांनी हात जोडून नमस्कार केला. "बसा. काय ईचारायचं ते ईचारा. पर मला उत्तर ठाव हाय."

त्यांच्याशेजारी देव्हारा होता आणि देव्हाऱ्याशेजारी राउटर. राउटरला विभूतीचे तीन पट्टे ओढलेले होते आणि एका अँटेनावर शेवंतीचं ताजं फूल खोचलेलं होतं.

"ह्याची पण पूजा?"

"घरात चूल एक, देव्हारा एक, नेट एक. तीन गोष्टी एक ऱ्हायल्या की घर एक ऱ्हातं. शेजारी आप्पासाहेबाच्या घरी बघा. आधी लाईटीचे मीटर दोन झाले. मग मधी भिंत आली. मग भिंतीच्या दोन्ही अंगाला दोन कुत्रे आले, आता ते बी एकमेकावर भुंकायलेत." मलप्पांनी लॅपटॉपवरून हात फिरवला. "आमच्याकडं सुरुवात फोल्डरपासून व्हायली. एवढाच फरक."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायला त्यांनी उगाच वाती सारख्या केल्या.

३

सिंधू सैपाकघरात भाकरी थापत होती. तिनं परातीकडं बघत सगळं सांगितलं.

"मी कुणाचं नाव घेत न्हाई. पर आमी सगळे यात्रेला गेलो, आलो, आन दुसऱ्या दिवशी फोल्डर वर. त्या धडाचा पासवर्ड कोणाला ठाव? तिला. तुमीच ईचार करा."

"सगळे गेला होता यात्रेला?"

"ह्यांना सोडून. ह्यांची कंबर धरलती." हे म्हणजे तिचा नवरा, थोरला उमाशंकर. "पर देवावर लई श्रद्धा हो ह्यांची. यात्रा चुकली म्हणून घरीच विभूती लावून निजले होते. आमी आलो तर कपाळभर विभूती, केसात विभूती, भुवयात विभूती. मला तर भरूनच आलं."

उज्वलानं मान डोलावली. जावई शोधायला निघालेल्यांनी इतक्या श्रद्धेला किती मार्क दिले असते, याचा तिनं मनात हिशेब केला.

उमाशंकर ओसरीवर सापडला. मोठा, शांत माणूस. बोलताना शब्द तोलून टाकणारा. वजनकाट्यापुढं आयुष्य गेल्याची सवय.

"अंजू तसली न्हाई," तो आपणहून म्हणाला. "मी हे शपथेवर सांगतो. फोल्डर कुठं गेला ते मला खरंच ठाव न्हाई."

उज्वलाला हे खरं वाटलं. पुरतं खरं.

"घरात इतक्यात नवीन काही आलं का? मशीन, वस्तू, काही?"

"न्हाई," उमाशंकर म्हणाला. हा एक शब्द मात्र त्यानं तोलला नाही.

माडीवर श्रीशैल फळ्यापुढं उभा होता. डॉक्टरकीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना तो घरूनच, नेटवरून रसायनशास्त्र शिकवायचा.

"आधी लई हाल होते ताई. खालचं नेट वर एखादीच दांडी पोचायचं, अप्पांच्या पुकाऱ्याला पुरायचं, क्लासला न्हाई. अर्धा क्लास जिन्यात बसून घ्यायचो. पोरं ईचारायची, सर तुमच्या मागं कायम चपला कामून दिसतात? शेवटी मित्राला फोनवर म्हणलो बी, नांदेडात खोली बघ, आम्ही दोघं तिकडंच येतो. घरात कुणालाच बोललो न्हाई, अंजूला बी. जिन्यात बसून बोललो तेवढंच."

"मग गेला का नाहीत?"

"यात्रा झाली आन नेट सुधारलं की! आता वर बी फुल्ल दांड्या. सिद्धेश्वराची कृपा, दुसरं काय. मी दोन नारळ फोडून आलो."

जिन्याखाली थोरल्याची खोली होती, हे उज्वलानं वर येतानाच बघून ठेवलं होतं. तिनं ते मनाच्या एका कोपऱ्यात ठेवलं आणि अंजूकडं वळली.

अंजूचं सामान खाटेवर काढलेलं होतं. ती रडलेली नव्हती. रडणं सामानानंतर ठेवलेलं असावं.

"लॅपटॉप दाखव," उज्वला म्हणाली.

अंजूनं 'मोंढा' उघडला आणि पहिल्याच नावावर बोट ठेवलं. खोलीत आधी खरखर झाली, मग कुठूनतरी चिमण्या, बैलाच्या गळ्यातली घंटा, दाणा काढून बघायचा बंबू पोत्यात खुपसल्याचा आवाज. आणि मग एक माणूस ओरडला. असा ओरडला की उज्वलानं मागं वळून पाहिलं.

"तूर बघा तूर! लाल तूर! गुरुपादप्पाची तूर! हात घाला, दाणा बघा, मग बोला!"

"हे कोण?"

"रविकांत हमाल. मी सासरी यायच्या आधीच वारले." अंजूनं आवाज जरा कमी केला, वडीलधारं माणूस खोलीत असल्यासारखा. "ताई, मी हे पळवून काय करू? मला भाव बी कळत न्हाईत त्यातले. पर कॅसेट पुसताना मी एकेकाला ओळखायला लागले. कोण खोकतो, कोण उगाच ओढतो. माझ्या माहेरच्या माणसांपेक्षा हे जास्त ओळखीचे झाले. आन मीच चोर."

"खाली नेऊन दाखवला नाहीस सासऱ्यांना, अप्पांना?"

"नेला की. खाली नेलं की जातो."

"काय जातो?"

"चला," अंजू म्हणाली, "बघाच तुम्ही."

४

उज्वलानं लॅपटॉप दोन्ही हातांवर घेतला, पाटावर गणपती नेतात तसा, आणि जिना उतरायला लागली. लॅपटॉपमधून रविकांत हमाल ओरडतच होता. मागं अंजू, तिच्यामागं श्रीशैल. आवाजानं खालचे सगळे जिन्याशी जमले. सिंधूच्या हाताला पीठ तसंच होतं. मलप्पा खुर्चीचा हात धरून उठून उभे राहिले. यात्रेपासून त्यांनी हा आवाज ऐकला नव्हता.

"बोला! अजून कोण बोलतं! अण्णाराव, गप का? बोला, अजून को—"

जिन्याच्या वळणावर तो थांबला.

शब्दाच्या मधोमध. जणू त्या वळणावर कुणीतरी हमालाच्या तोंडावर हात ठेवला. पडद्यावर एक चकलीसारखं काहीतरी गोल गोल फिरलं, मग फोल्डर गेला. वरच्या कोपऱ्यात मात्र नेटचं नाव होतं तसंच: मलप्पा परिवार. दांड्या फुल्ल.

उज्वला मागं फिरून वर गेली. चकली फिरली, फोल्डर आला. खाली आली, फोल्डर गेला. सोमेशनं चिवड्याची बशी खाली ठेवली. सिंधूनं पिठाचे हात नकळत जोडले. एरवी सगळ्या गोष्टी सोयाबीनच्या भावात मोजणारं ते घर एका जिन्याच्या वळणाकडं तोंड वासून बघत होतं, कारण तिथं हवेत, डोळ्यांना न दिसणारी, एक उंबऱ्यासारखी रेघ होती. तिच्या वरच्या अंगाला मेलेला माणूस बोलत होता आणि खालच्या अंगाला तो मेलेला होता.

उज्वलानं आयुष्यात पुष्कळ माणसं एका घरात दोन तोंडांनी बोलताना पाहिली होती. लॅपटॉप पहिल्यांदाच.

ती पायरीवरच बसली. मग तिला निलंग्याचे बिराजदार आठवले.

झालं होतं असं, की एका पाहुण्यांनी निलंग्याच्या बिराजदारांच्या मुलाची चौकशी तिला सांगितली, आणि तिनं सगळी चौकशी केली ती उदगीरच्या बिराजदारांची. आडनाव तेच, मुलाचं नाव तेच, बापाचा धंदाही तोच. दोघांच्या दारात जर्सी गाय. साखरपुड्याला पाहुणे एका मांडवात आणि हळदी-कुंकवाचं ताट दुसऱ्या मांडवात गेलं. तेव्हापासून नाव ऐकून ती कधीही थांबत नसे. तिचा पुढचा प्रश्न ठरलेला असे.

"अंजू, ह्या नेटचं गाव कुठं दिसतं?"

"गाव?"

"मलप्पा परिवार हे झालं नाव. पण कोणत्या गावचे मलप्पा परिवार? काहीतरी पत्ता असेल ना याला?"

अंजूनं लॅपटॉप ओढून घेतला आणि आतलं एक पान उघडलं. तिथं टिंबं देऊन लिहिलेले आकडे होते. "हा राउटरचा पत्ता असतो," ती म्हणाली. तिनं तो मोबाईलवर फोटो काढून ठेवला, पळत माडीवर गेली, आणि वर तेच पान उघडलं.



"ताई," मग अंजू कठड्यावरून वाकून म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता, "तिसरा आकडा वेगळा हाय. वर वेगळा, खाली वेगळा."

उज्वला मलप्पांकडं वळली. "अप्पा, तुमचा राउटर बंद करावा लागेल."

"पेटता दिवा फुंकायला सांगायलाव काय?"

"पाच श्वास. मग परत लावा."

मलप्पांनी आधी अँटेनावरचं फूल काढून देवापुढं ठेवलं. मग हात जोडले. मग वायर उपसली. राउटरचे दिवे विझले. खाली सगळ्यांच्या मोबाईलवरचं नेट तुटलं. घरात एकच नेट होतं, आणि ते आता बंद होतं.

तेवढ्यात माडीवरून श्रीशैल ओरडला, "चालू हाय! अप्पा, मलप्पा परिवार चालू हाय! फुल्ल दांड्या!"

५

"भूत," सोमेश म्हणाला. बाकी कुणी म्हणायचं धाडस केलं नव्हतं.

"भुताला करंट लागत नाही," उज्वला म्हणाली. "याला लागतो. माडीवर कुठंतरी दुसरा राउटर आहे. नाव यानं आपल्या घराचं लावलंय, पासवर्ड आपल्या घराचा लावलाय, म्हणून घरातलं प्रत्येक मशीन त्याला आपलंच समजतं. वर गेलं की वरच्याला चिकटतं, खाली आलं की खालच्याला. आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. धड वरच्याला चिकटलं, अप्पांचा लॅपटॉप खालच्याला. वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा. कडी कुणीच लावली नव्हती."

सगळे माडीवर गेले. मलप्पाही गुडघे धरत, भिंत धरत, कधी नव्हे ते वर आले. खाटेखाली बघितलं, कपाटावर बघितलं, फळ्यामागं बघितलं. राउटर नव्हता. धड मात्र आपलं घुमत होतं.

"असं नाही सापडायचं," उज्वला म्हणाली. "लपवणारा घरचा आहे. घरचा माणूस वस्तू लपवत नाही, तो जागा निवडतो. अक्का, मला सांगा, ह्या माडीवर अशी कोणती वस्तू आहे जिला तुमच्यापैकी कुणीच हात लावत नाही?"

सिंधूनं विचार न करता वर बोट केलं आणि लगेच मागं घेतलं.

आढ्याच्या कडीला लाकडी पाळणा टांगलेला होता. उमाशंकर त्यात वाढला, श्रीशैल त्यात वाढला. आता रिकामा होता, वरून जुनं लुगडं टाकलेलं. रिकामा पाळणा हलवायचा नसतो. घरात नवी सून असताना तर त्याच्याकडं निरखून बघायचंही नसतं. झाडू मारणारी बाईसुद्धा त्याच्याखालून वाकून जायची.

"लावू का हात?" उज्वलानं विचारलं.

मलप्पांनी मान हलवली. तिनं पाळणा न हलवता लुगडं बाजूला केलं.

आत मऊ दुपट्यावर, दोन उशांच्या मधे, काळाभोर राउटर निजला होता. हिरवे दिवे एका लयीत लुकलुकत होते. पायाकडून एक पांढरी वायर निघून, कडीवरून, भिंतीतल्या ताज्या भोकातून गच्चीकडं गेली होती. घरात इतके दिवस कुणीतरी राहत होतं, श्वास घेत होतं, सगळ्यांचं बोलणं इकडून तिकडं पोचवत होतं, आणि कुणाला पत्ता नव्हता.

"हे कुणाचं हाय?" सोमेशनं हळूच विचारलं.

६

"अंजूचं नाही," उज्वला म्हणाली. ती फळ्याशेजारी उभी होती, त्यामुळे श्रीशैलच्या विद्यार्थ्यांनीही हे सगळं ऐकलं. क्लास बंद करायचा राहिला होता. "अंजूचं असतं तर ती फोल्डर दाखवायला पुन्हा पुन्हा खाली आलीच नसती. श्रीशैलचं नाही. स्वतः आणलेल्या नेटसाठी कुणी सिद्धेश्वराला नारळ फोडत नाही. अप्पांचे गुडघे, त्यामुळे अप्पा नाहीत. अक्का यात्रेला होत्या."

सिंधूनं नवऱ्याकडं पाहिलं.

"विभूती कपाळाला लावतात," उज्वला म्हणाली. "केसात आणि भुवयांत जाते ती भिंतीची भुकटी. डोक्याच्या वर भिंतीला भोक पाडलं की ती अशी अंगावर सांडते. यात्रेच्या दिवशी घर रिकामं होतं. फक्त एका माणसाची कंबर धरलेली होती. आणि त्या माणसाची खोली जिन्याखाली आहे, जिथून जिन्यातलं बोलणं ऐकू येतं."

उमाशंकर पाळण्याखाली उभा होता. इतका मोठा माणूस, पण त्याला हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं.

"नांदेडात खोली बघायलाव म्हणून म्हणत होता," तो श्रीशैलकडं न बघता म्हणाला. "नेटापायी. मला झोप लागंना. म्हणलं नेट आणून टाकावं. पर अप्पा म्हणतील, नेट दोन झालं, घर दोन झालं. म्हणून त्याला आपल्याच घराचं नाव दिलं, आपलाच पासवर्ड दिला. सून आली की तिला आपण आपलं आडनाव लावतो, मग ती घरचीच होती की न्हाई? म्हणलं ह्याला बी नाव लावलं की हे बी घरचंच. फोल्डर त्याच्यानं जाईल असं माझ्या बापजन्मी ध्यानात आलं न्हाई. अंजू, खरंच सांगतो, आलं असतं तर मी गप बसलो नसतो."

"आन मी ईचारलं तवा कंबर दुखती म्हणलात," सिंधू म्हणाली. "मी तीन दिवस शेकली की हो कंबर!"

"बरं वाटलं होतं," उमाशंकर म्हणाला.

श्रीशैल थोरल्याच्या केसांकडं बघत होता. त्यात आता भुकटी नव्हती, पण तरी त्यानं हात लांब करून त्याचे केस झटकले.

मलप्पांनी पाळण्याचा कठडा धरला.

"तू मला ईचारलं का न्हाईस?"

"तुमी न्हाई म्हणला असता."

मलप्पांनी प्रामाणिकपणे विचार केला. "हाव," ते म्हणाले. "म्हणलो असतो."

मग ते त्या हिरव्या दिव्यांवर वाकले. घर एक राहावं म्हणून त्यांनी नियम केला होता. तो नियम मोडू नये म्हणून थोरल्यानं चोरून दुसरं नेट आणलं, घर मोडू नये म्हणून. आणि दोघांच्या मधल्या पायरीवर सगळा दोष अंजूच्या अंगावर आला. हे सगळं कुठंही न दिसता, भिंतींतून आरपार चाललं होतं. मलप्पांनी हळूच हात जोडले. राउटरला की थोरल्याला, ते उज्वलाला कळलं नाही.

७

दुरुस्ती दोन भावांनी केली. त्यांनी धड दोन्ही बाजूंनी उचललं आणि खाली देव्हाऱ्याशेजारी आणून ठेवलं. खालचा राउटर लागला, धडानं त्याला धरलं. मलप्पांनी लॅपटॉप उघडला. 'मोंढा' आला. त्यांनी एक पुकारा लावला, पुरता, शेवटच्या "घ्या, तुटली!" पर्यंत ऐकला, आणि डोळे पुसून म्हणाले,

"अंजू, चहा टाक बाई."

घर एका दमात सैल झालं. सिंधूनं दुधाच्या पातेल्याकडं हात नेला. सोमेशनं चिवडा खाण्यात धरत नाहीत असं ठरवलं.

"न्हाई," अंजू म्हणाली.

सिंधूचा हात पातेल्यावरच राहिला.

"अप्पा, तुम्ही माझा चहा सोडला ते घरातच ऱ्हायलं असतं तर मी आता टाकला असता. पर गल्लीला कळलं. दूधवाल्याला कळलं. माझ्या मुदखेडला कळलं. अंजूनं फोल्डर पळवला, असं भाजीवाली मला भाव सांगताना म्हणाली. तुमचा फोल्डर मिळाला. माझं नाव कोण आणून देणार?"

सोमेशनं चावणं थांबवलं. उज्वलाला वाटलं, इथं आपली चौकशी संपते. याच्यापुढचं कोणत्याही स्थळाच्या अहवालात बसत नाही.

मलप्पांच्या तोंडात कधी माफी आलेली नव्हती, त्यामुळे ती कुठून काढायची ते त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी विचारलं, "ते वरचं नेट... त्याला आता दुसरं नाव द्यावं लागंल म्हणता?"

"हाव," उज्वला म्हणाली. "नाहीतर पुन्हा हेच."

"ते नाव किती लांब दिसतं?"

"पुऱ्या गल्लीत," श्रीशैल म्हणाला. "फोन उघडला की सगळ्यांना दिसतं. वरच्या चौकापर्यंत."

मलप्पांनी अंजूकडं पाहिलं. "मग ते नाव तू ठेव. काय बी ठेव. मी बदलू देणार न्हाई. मी हाय तवर कुणालाच बदलू देणार न्हाई."

अंजूनं लॅपटॉप घेतला. बराच वेळ ती टाईप करून खोडत राहिली. नाव लांब होत होतं आणि मशीनला लांब चालत नव्हतं. मग तिनं इंग्रजी अक्षरांत, घरच्या मराठीत, एक ओळ बसवली, पासवर्डही नवा टाकला आणि बटण दाबलं.

घरातल्या फोनांनी आधी काही केलं नाही. मग बाहेर आप्पासाहेबांकडं, भिंतीच्या अलीकडं, कुणीतरी "अगं बया!" म्हणालं. भिंतीच्या पलीकडंही म्हणालं. समोरच्या गच्चीवर दोन बायका एकाच फोनवर वाकल्या. खालून दूधवाला मोटारसायकल थांबवून फोन लांब धरून वाचायला लागला, ओठ हलवत. एकेका दारातून माणसं बाहेर आली आणि हातात उजेड धरून मलप्पांच्या माडीकडं बघत उभी राहिली.

सिंधूचा फोन तिच्या हातात होता. जिन्याखालच्या खोलीत वरचंच नेट लागायचं, त्यामुळे यात्रेपासून तिचं सगळं त्यावरच चालायचं. दुपारची मालिका, माहेरचा ग्रुप. ती अंजूजवळ आली आणि पदराशी बोलल्यासारखी बोलली.

"नवा पासवर्ड सांग की."

"सांगते," अंजू म्हणाली. "आधी नाव निवडा, अक्का."

सिंधूनं यादीवर बोट ठेवलं.

"मोठ्यानं वाचा. बरोबर निवडलं का बघू."

सिंधूनं घसा साफ केला. तिचं इंग्रजी कच्चं होतं, म्हणून तिनं एकेक अक्षर जोडत, सासऱ्यापुढं, नवऱ्यापुढं, अंजूच्या माहेरच्या माणसापुढं वाचलं:

"अंजू... ने... काही... पळवलं... नाही."

मग अंजूनं तिच्या कानाशी वाकून पासवर्ड सांगितला.